नोंदवहीतला गुन्हेगार
एखाद्या समाजात गुन्हेगार जास्त आहेत असे आकडे सांगतात, तेव्हा आधी ते आकडे कुणी आणि कसे गोळा केले हे विचारायला हवे. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हा ठरवला तो जन्मावरून. नोंदणी झालेल्याला हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवाना लागे; 1911च्या कायद्यानंतर बोटांचे ठसेही सरकारदरबारी जाऊ लागले. हजेरी चुकली की शिक्षा, आणि ती शिक्षाच पुढे त्या जमातीच्या गुन्हेगारीचा पुरावा! सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींसाठीच्या सक्तीच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणामागे राहणारी माणसे तिथल्याच गिरण्यांत घाम गाळत होती, पण सरकारी कागदावर ती गुन्हेगारच राहिली. कुणी म्हणेल, त्यांच्यातले काहीजण चोऱ्या करतच होते ना? करत असतील, मग ज्याने चोरी केली त्याच्यावर खटला चालवा, त्याच्या पाळण्यातल्या लेकराची नोंद कशाला? 1963मध्ये हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने मांडले की विचलन हा कृतीचा अंगभूत गुण नसतो, तो इतरांनी मारलेला शिक्का असतो. पारधी, कैकाडी, टकारी यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या सोसले होते. 1952मध्ये कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि संशयाची दिशा तीच राहिली. तुरुंग नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवताना सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2024मध्येही या जमातींच्या, म्हणजे आता विमुक्त म्हणवल्या जाणाऱ्यांच्या, मनमानी अटकेबद्दल पोलिसांना बजावावे लागले. आजही चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते, आणि जिथे झडती जास्त तिथेच अटकाही जास्त होतात.