गाडीचा विमा आहे, पण त्यात तुम्ही आहात का?

ज्या घरी आज बैलजोडी उरली नाही, त्या घरीही मोटारसायकल आहे. डेअरीला दूध घालणे, बाजार समितीत भाव पाहायला जाणे, रात्री लाईट आली की मोटार चालू करायला मळ्यात जाणे, सगळे तिच्यावरच. गाडी घेताना ॲव्हरेज किती, हप्ता किती, याची चौकशी आपण दहा ठिकाणी करतो. विम्याची चौकशी मात्र एकाच वाक्यात आटपते. ''इन्शुरन्स आहे ना?'' ''आहे की, पाच वर्षांचा!'' मग तो कागद सीटखाली जातो, आणि बाहेर निघतो तो पोलिसाने हात केल्यावर, नाहीतर अपघात झाल्यावर.

शेतकरी बंधूंनो, हे 'पाच वर्षांचा' काय प्रकरण आहे ते आधी समजून घेऊ. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशानंतर, १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा काढणे सक्तीचे झाले. पाच वर्षे आहेत ती या थर्ड पार्टी भागाची. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग आणि मालकाच्या स्वतःच्या अपघाताचा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. कागद एकच, पण त्यावर मुदतीच्या तारखा वेगवेगळ्या. दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला गेली किंवा मालकाचेच बरेवाईट झाले, तर घरच्यांना तेव्हा कळते की तो भाग केव्हाच संपला होता.

थर्ड पार्टी म्हणजे कोण?

विम्याच्या करारात एक पक्ष तुम्ही, दुसरा कंपनी. तिसरा म्हणजे तुमच्या गाडीने ज्याचे नुकसान झाले तो. रस्त्याने चाललेली म्हातारी, समोरचा सायकलवाला, कोणाची गाडी, कोणाची म्हैस. जीव गेला किंवा कोणी जखमी झाले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई कंपनी देते, तिला रकमेची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र दुचाकीच्या पॉलिसीत एक लाखाची मर्यादा असते.

हा विमा नसेल तर? मोटार वाहन कायद्याप्रमाणे पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाचे घेऊन बसू नका. खरी धास्ती पुढची आहे. भरपाई ठरवताना गेलेल्या माणसाचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहतात. कर्त्या माणसाचा जीव गेला तर आकडा लाखांत जातो. विमा नसला तर तो मालकाने भरायचा. भरला नाही तर कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे प्रकरण सातबाऱ्यापर्यंत येऊन ठेपते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरात ७५ ते १५० सीसीच्या गाडीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये, अधिक जीएसटी. एका युरियाच्या फेरीचा खर्च वाचवायला कोणी रान गहाण ठेवील का?

मालक स्वतः कुठे आहे?

थर्ड पार्टीत मालक नाही. तुम्हीच खड्ड्यात आपटलात, गाडी घसरली, तर त्या विम्यातून तुमच्या घरी छदामही येत नाही. त्यासाठी वेगळा 'मालक-चालक' अपघात विमा असतो. २०१८ मध्ये त्याची रक्कम १५ लाख रुपये केली आहे. मृत्यू झाल्यास पूर्ण रक्कम, एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेल्यास निम्मी. मात्र गाडी त्याच्या नावावर हवी, पॉलिसी त्याच्या नावावर हवी आणि लायसन चालू हवे. दारू पिऊन चालवली तर दावा बुडाला.

आपल्याकडची मेख इथेच आहे. गाडी वडिलांच्या नावावर असते आणि चालवतो मुलगा. अशा वेळी मालक-चालक विम्याचे १५ लाख मुलाला लागू होत नाहीत. गाडी जो रोज चालवतो त्याच्या नावावर करावी, नाहीतर त्याचा वेगळा अपघात विमा काढावा. बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १ जून २०२२ पासून वर्षाला २० रुपयांत दोन लाखांची आहे. १८ ते ७० वयाच्या खातेदाराला ती घेता येते.

डबलसीट बसलेली घरची माणसे

कारभारीण मागे बसते, आई दवाखान्याला मागे बसते. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल आणि चूक आपल्याच गाडीची असेल, तर मागच्या माणसाची भरपाई कंपनीवर पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तसा निकाल दिलेला आहे. पूर्ण म्हणजे 'पॅकेज' पॉलिसीत मात्र मागचा माणूस धरला जातो. चूक समोरच्या गाडीची असेल तर दावा त्या गाडीच्या विम्यावर करता येतो. घरची माणसे रोज मागे बसत असतील, तर पॅकेजसाठी थोडे जादा पैसे गेले तरी हरकत नाही.

गाडी विकली, नाव तसेच

गावात गाडी तोंडी व्यवहाराने विकली जाते. टीटी फॉर्मवर सह्या होतात आणि ते फॉर्म खिशातच राहतात. पुढे ती गाडी तीन हात फिरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले आहे, की आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून विकणाऱ्याने नाव चढल्याशिवाय गप्प बसू नये. घेणाऱ्याने १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा. तो केला नाही तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडतो.

तसेच लायसनचे. लायसन नसलेल्याच्या हाती गाडी दिली, तर कंपनी पुष्कळदा आधी जखमीला पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते. अल्पवयीन पोराने चालवली तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आलेली आहे.

अपघात झाल्यावर

आधी जखमीला दवाखाना. मग पोलिसांत नोंद, पंचनाम्याची नक्कल आणि कंपनीला लगेच कळवणे. ''आपसात मिटवू'' म्हणून नोंद टाळली, की पुढे दाव्याला पायाच राहत नाही. भरपाईच्या दाव्याला १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली. तिच्यावर न्यायालयात वाद गेला आहे, पण वादाच्या भरवशावर बसू नये. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये मिळतात. हा अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकारी यांच्याकडे जातो.

आणि आमच्या खात्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहेच. खातेदार शेतकरी किंवा कुटुंबातील एक सदस्य, वय १० ते ७५, अपघाती मृत्यूला दोन लाख. प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा. दुःखात महिना कसा जातो ते घरच्यांना कळत नाही. म्हणून ती आठवण पोलीस पाटील, तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी आपणहून घरी जाऊन करून द्यावी.

येत्या ग्रामसभेला प्रत्येकाने आपल्या गाडीचा कागद बरोबर आणावा. चारच गोष्टी पाहायच्या : नाव कोणाचे, थर्ड पार्टीची तारीख कोणती, मालक-चालक विम्याची तारीख कोणती, मागचा माणूस धरला आहे की नाही. वाचता येत नसेल त्याला शेजाऱ्याने वाचून दाखवावे. एवढ्याला अर्धा तास पुरतो.