हवेतला इमला आणि घरचे कार्ड

मुलांनो, आणि मुलांच्या अम्मी-अब्बांनो, परवा दहावीतल्या एका मुलीने मला चांगलेच कोड्यात टाकले. हौशी वायरलेसवाले, ज्यांना हॅम म्हणतात, १९८०च्या दशकात रेडिओवरून संगणकाचे संदेश कसे पाठवत, ते मी सांगत होतो. संदेशाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव-ठिकाण घालायचे आणि हवेत सोडायचे. हाच पॅकेट रेडिओ. त्यासाठी काही जण घरीच कार्ड बनवत, असे म्हणताच ती म्हणाली, "सर, संगणकाला मागे सिरियल पोर्ट असायचाच ना? मग आणखी कार्ड कशाला?"

प्रश्न रास्त होता. माझे बीएड भाषांचे, सोल्डरिंगचा नुसता नाद. म्हणून उत्तर सापडले ते उर्दूच्या तासाला, इमला सांगताना.

साधा सिरियल पोर्ट म्हणजे प्रत्येक अक्षराआधी "ऐका" आणि अक्षरानंतर "झाले" म्हणणारा मास्तर. पॅकेट रेडिओचा एएक्स.२५ हा नियम मात्र अख्खे वाक्य एका दमात सांगतो. वाक्याच्या दोन्ही टोकांना ०११११११० ही खूण असते, बस्स. मग हीच खूण मजकुरात आली तर? म्हणून मजकुरात सलग पाच एक आले की पाठवणारा पुढे एक शून्य घुसवतो आणि ऐकणारा ते गुपचूप काढून टाकतो. शेवटी १६ बिटांची पडताळणीही असते. पीसीच्या पोर्टातली ८२५० चिप यातले काहीच जाणत नाही. काहींनी हे सारे प्रोग्रामकडून करून घेतले खरे, पण मग बिचाऱ्या संगणकाला दुसरे काही सुचत नसे.

टीएनसी नावाची तयार पेटी मिळत असे. अमेरिकेतल्या टक्सनच्या हौशींनी काढलेल्या पेटीत झेड-८० प्रोसेसरही होता. पण दोन रेडिओ चालवायचे तर दोन पेट्या आल्या. झायलॉगची ८५३० ही चिप खुणा, शून्ये, पडताळणी सारे स्वतः करते आणि एकीतच दोन वाहिन्या देते. घरगुती कार्डाचा जीव या चिपमध्ये होता.

तिला पीसीच्या खाचेत बसवणे फार अवघड नाही. प्रयोगाच्या कार्डांसाठी ३०० हेक्सपासूनचा पत्ता राखलेलाच होता. खरी मेख घड्याळात आहे. ऐकताना समोरच्याच्या चालीशी जुळवून घ्यायला चिपला बिटांच्या ३२ पट वेगाने ठोके लागतात. बोलताना बिटागणिक एक पुरतो. आणि ठोके देणारा भाग प्रत्येक वाहिनीत एकच! सेकंदाला ९६०० बिटांसाठी ऐकतानाचे ठोके होतात ३,०७,२००. म्हणून ४.९१५२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल सोयीचा, त्याला १६ने भागले की नेमके तेवढेच. बोलताना प्रोग्रामने वेग बदलावा, नाहीतर बाहेर ३२ने भागणारी चिप जोडावी. मी दुसरा मार्ग घेईन. एक चिप वाढते, पण प्रोग्राममधल्या चुका कमी होतात.

दुसरी मेख सबुरीची. इमला लिहिणारे मूल दोन-तीन अक्षरे डोक्यात धरू शकते, तशी ही चिप आलेली तीनच अक्षरे सांभाळते. १२०० बिटांच्या वेगाला एक अक्षर सुमारे पावणेसात मिलिसेकंदांनी येते, ९६००ला एक मिलिसेकंदही मिळत नाही. त्या वेळी संगणक फ्लॉपीत गुंतला असेल तर अक्षर गेले, पडताळणी चुकली आणि सगळे पॅकेट वाया. म्हणून कार्डावरून इंटरप्टची तार काढावीच लागते. अक्षर आले की चिपने संगणकाला हाक मारायची.

मुलीने वहीत आराखडा काढला. मी विचारले, "बोलता बोलता प्रोग्राम अडकला तर?" ती गप्प. तसे झाले तर ट्रान्समीटर चालूच राहील आणि त्या लहरीवर बाकी कोणाला बोलता येणार नाही. यासाठी टायमर हवा, काही सेकंदांनी ट्रान्समीटर बंद करणारा, आणि तोही प्रोग्रामच्या भरवशावर नसलेला. सगळ्यांच्या सामाईक लहरीवर बसायचे तर हा भाग मी कोणालाही गाळू देणार नाही.

रेडिओवर बोलायला सरकारी परवाना लागतो, तो तिच्याकडे नाही. त्यावाचून आमचे अडलेले नाही. चिपच्या एका वाहिनीचे बोलणे तारेने दुसऱ्या वाहिनीच्या कानात घालायचे ठरले आहे. जुना पीसी शाळेच्या अडगळीत आहेच. चिप मिळायची आहे.