यंत्र बंद पडण्यापूर्वीं

म्हशीनें वैरण टाकली, रवंथ थांबविलें, तर अनुभवी शेतकरी ती खालीं बसेपर्यंत वाट पाहात नाहीं. त्याच दिवशीं उपचारास लागतो. पण त्याच गोठ्यांतील कुट्टीचें इंजिन किंवा गवतकापणीचें यंत्र आठवडेच्या आठवडे खोकत असलें तरी तो तें तसेंच दामटतो, आणि ऐन गरजेच्या दिवशीं तें बंद पडलें म्हणजे कारखानदारास दोष देतो. जनावरासंबंधीं जी दृष्टि आपणांपाशीं आहे ती यंत्रासंबंधींही असावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.

मुंबईंतील म्हशींचे गोठे शहराबाहेर नेण्याकरितां १९४९ सालीं गोरेगांवानजीक आरे दुग्धवसाहत स्थापन झाली. सुमारें ३,००० एकरांच्या त्या वसाहतींत ओलाव्यावर वाढणाऱ्या पॅरा गवताची लागवड झाली, व तबेले तेथें आजही आहेत. दुभत्या म्हशीस रोज २५ ते ३० किलो हिरवा चारा धरला, तर दहा म्हशींच्या गोठ्यास अडीच ते तीन क्विंटल गवत लागतें. त्या भागांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा दिवसांत यंत्र एक दिवस अडलें तर त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशीं दुधाच्या मापांत दिसतो.

चारा आणि यंत्र यांचें नातें महाराष्ट्रास नवें नाहीं. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसण्यापूर्वीं बेळगांवीं असतांनाच कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं कडबा कापण्याचीं यंत्रें काढलीं होतीं. हातानें चालणाऱ्या यंत्राचें पातें बोथटलें कीं चालविणाऱ्याच्या दंडास तें तत्काळ कळे. इंजिनानें ते कष्ट हरण केले, पण त्याबरोबर ती जाणीवही गेली. ती आतां कान, डोळे व नाक यांनीं भरून काढिली पाहिजे.

पहिली खूण यंत्र सुरू करतांनाच मिळते. दोरी ओढतांना नेहमींचा जोर लागत नसेल, तर दट्ट्याच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजल्याचा संशय घ्यावा. तें काम जाणत्या कारागिराचें. जोर लागतो पण इंजिन पेट घेत नसेल, तर आधीं पेट्रोल, प्लग आणि हवेची गाळणी हीं तीन स्थळें घरींच पाहावीं. काजळलेला प्लग बहुधा गाळणी तुंबल्याचें सांगतो.

दुसरी खूण धुराची. काळा धूर म्हणजे इंधन अधिक, हवा कमी. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. ज्या दोन-स्ट्रोक इंजिनांत तेल पेट्रोलांतच मिसळतात, त्यांत किंचित् निळसर धूर स्वाभाविक आहे. तो दाट झाला तर मिश्रणाचें प्रमाण तपासावें. तेल अंदाजानें ओतूं नये. निर्मात्यानें पन्नासास एक असें सांगितलें असेल, तर एक लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर तेल, मापूनच.

तिसरी खूण कामाची. गवत कापलें न जातां चेंगरूं लागलें, किंवा कुट्टीचे तुकडे लहानमोठे पडूं लागले, तर दोष इंजिनाचा नसून पात्याचा असतो. इंजिन मोकळें असतां नीट चालतें, पण भार पडतांच दम टाकतें, हेंही दुर्लक्षूं नये. नवी थरथर जाणवली तर पातें वांकलें किंवा पेच सैल झाला असें समजून यंत्र तत्काळ थांबवावें. सैल पातें सुटलें तर पायच घेऊन जाईल. पात्यास हात लावण्यापूर्वीं इंजिन बंद करून प्लगची तार काढावी.

आतां पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें. आपल्याच उसाचें तें अपत्य आहे, परंतु तें हवेंतील ओलावा ओढतें. म्हणून हंगाम संपल्यावर टांकी रिकामी करून ठेवावी. जुनें पेट्रोल पुढील वर्षीं वापरूं नये.

मात्र या खुणा आधीं कोणास दिसतात? मालकास नव्हे, तर यंत्र चालविणाऱ्या गड्यास. आणि तो बोलत नाहीं. कारण “तूंच बिघडविलेंस” हें उत्तर त्यास ठाऊक असतें. जेथें बिघाड सांगणारास बोलणीं बसतात, तेथें बिघाड लपविला जातो, व शंभरांची रिंग न बदलल्यामुळें हजारोंचें इंजिन जातें. आमच्या मतें, यंत्र थांबविण्याचा अधिकार चालविणारास निःसंकोच द्यावा; सावधपणानें थांबविलें म्हणून त्याची मजुरी कापूं नये. यंत्रापाशीं एक वही ठेवून तींत इंधन, कामाचे तास व ऐकूं आलेला नवा आवाज यांची रोज नोंद व्हावी. तेवढ्याच कामास इंधन अधिक लागूं लागलें, तर वहीच प्रथम बोलेल.

यंत्र मुकें आहे हा आपला समज खोटा आहे. तें बोलतें, आणि त्याच्याजवळ उभा असलेला माणूसही बोलूं इच्छितो. दोघांचें वेळींच ऐकणें हीच खरी काटकसर होय.