आठशे तासांचा हिशेब कोण देणार?

जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी दिवसभर करतात तरी काय, हा प्रश्न हल्ली फार विचारला जातो. विचारणारे बहुधा असे असतात, ज्यांची मुले त्या शाळेत जात नाहीत. पगार किती, सुट्ट्या किती, हे त्यांना तोंडपाठ असते. शाळेत फळ्यासमोर किती वेळ उभे राहायला मिळते, हे मात्र त्यांना ठाऊक नसते. म्हणून आज आम्ही ५ सप्टेंबरच्या सत्कारातले गुरुजी बाजूला ठेवून जुलै महिन्यातल्या एखाद्या साध्या मंगळवारचे गुरुजी वाचकांपुढे ठेवणार आहोत.

मराठवाड्यातली कोणतीही द्विशिक्षकी शाळा घ्या. पहिली ते चौथी असे चार वर्ग, चाळीसेक लेकरे, एक गुरुजी आणि एक बाई. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे कागदावर सारे नियमात! परिपाठ होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका म्हटली जाते. 'दर्जाची व संधीची समानता' हे शब्द पहिलीतले पोरही खणखणीत म्हणते. मग हजेरी. हजेरी वहीवर घ्यायची आणि मोबाइलवरही भरायची. रेंज नसेल तर गुरुजी शाळेच्या मागच्या चढावर जाऊन उभे राहतात. तोवर स्वयंपाक करणारी ताई तांदूळ मागायला येते. तांदूळ मोजून द्यायचा, डाळ-तेलाची नोंद करायची, खिचडी शिजली की मुलांच्या आधी चव घ्यायची, किती जेवली तो आकडा कळवायचा. मध्येच व्हॉट्सॲपच्या गटावर संदेश पडतो. 'अत्यंत तातडीचे. दुपारी तीनपर्यंत माहिती न आल्यास मुख्याध्यापक जबाबदार.' माहिती कसली? तर मागच्या महिन्यात दिलेलीच, फक्त तक्ता वेगळा. साडेबाराला गुरुजी गाडीला किक मारून पंचायत समितीच्या बैठकीला निघतात. बाईंपुढे आता चारही वर्ग. पहिलीला 'क' गिरवायला दिला, दुसरीला पाढे दिले, तिसरीला धडा वाचायला लावला आणि चौथीचा भागाकार फळ्यावर मांडला, एवढ्यात आधारमध्ये चुकलेले नाव दुरुस्त करायला एक आजी दारात येऊन उभी. भागाकार अर्धाच राहतो!

आता या दिवसाला कायद्याची फूटपट्टी लावू. मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिले आहे की पहिली ते पाचवीच्या मुलांना वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन मिळाले पाहिजे. म्हणजे दिवसाला चार तास. दोन शिक्षक आणि चार वर्ग असले की दोघे हजर असतानासुद्धा प्रत्येक वर्गाच्या वाट्याला शिक्षक येतो दोनच तास. एक जण बैठकीला गेला की उरतो एक. हे साधे अंकगणित मंत्रालयातल्या कोणालाही जमावे. पण मुलाची गैरहजेरी रोज मोजणाऱ्या या व्यवस्थेत मुलाच्या हातून काढून घेतलेला तास मोजणारी वही आम्हास आजवर कुठल्याही शाळेत दिसलेली नाही.

याच कायद्याचे कलम २७ सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही तीन कामे सोडून शिक्षकाला कोणत्याही अशैक्षणिक कामास जुंपता येणार नाही. यातली निवडणूकसुद्धा मोकाट नाही. ६ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेंट मेरीज स्कूलच्या खटल्यात निवडणूक आयोगालाच सुनावले की मतदार यादीचे आणि निवडणुकीचे काम शिक्षकांना सुट्टीच्या व शिकवणे नसलेल्या दिवशी द्यावे. शिकवण्याच्या दिवशी, शिकवण्याच्या वेळेत एरवी देऊ नये. निकालाची तारीख पाहा, महापरिनिर्वाण दिन! तो निकाल आमच्या लेकरांच्या बाजूचा होता, पण आमच्यापैकी किती जणांना तो माहीत आहे?

मतदार यादीच्या कामात कसूर केली तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम ३२ खाली तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिकवण्यात कसूर केली तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ खाली शिक्षकावरच शिस्तभंगाची कारवाई. पण ज्या साहेबाने एका कागदावर सही करून शिक्षकाला वर्गातून उचलले आणि चाळीस लेकरांचे तास बुडवले, त्याला शिक्षा काय? काही नाही! कायद्यात तशी तरतूदच नाही. मतदार यादीतले नाव चुकले तर तुरुंग आणि चौथीच्या पोराला भागाकार आला नाही तर 'पालकांची उदासीनता'. आमच्या टेबलावर शिक्षकांच्या कारणे दाखवा नोटिसा येतात. बैठकीस गैरहजर, माहिती अप्राप्त, ॲपवर नोंद नाही, प्रशिक्षणास दांडी. तुमच्या वर्गातल्या मुलाला वाचता का येत नाही, असे विचारणारी नोटीस क्वचितच दिसते.

२०२४ च्या जानेवारीत राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षकांना प्रगणक म्हणून घरोघर पाठवले गेले. कोणाच्या सर्वेक्षणास आमचा विरोध नाही. मोजणीची मागणी तर आपण सातत्याने करत आलो. परंतु हे काम कलम २७ च्या तीन अपवादांपैकी कोणत्या अपवादात बसते? ना दशवार्षिक जनगणना, ना पूर, ना मतदान. आणि डी.एड. होऊन बसलेली हजारो पोरे रिकामी असताना शाळेतलाच शिक्षक का उचलायचा? कारण तो फुकट मिळतो. पुढे २०२४ च्या ऑगस्टमध्ये शासनाने कामांची शैक्षणिक व अशैक्षणिक अशी यादीच काढली. यादी काढल्यावर काम कमी होईल, असे भोळ्या मंडळींना वाटले. त्याच वर्षी लोकसभा आणि विधानसभा, २०२५ च्या डिसेंबरात नगरपरिषदा, २०२६ च्या जानेवारीत महापालिका. मतपेटीच्या जागी यंत्र आले, पण ते सांभाळायला गुरुजी तेच. इतर राज्यांत २०२५ च्या अखेरीस मतदार याद्यांचे सघन पुनरीक्षण चालू असताना केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. त्यांत शिक्षकही होते. तेव्हा कुठे सर्वोच्च न्यायालयाला ४ डिसेंबर २०२५ रोजी राज्यांना जादा माणसे द्या, असे सांगावे लागले.

शिक्षकांची रड गाण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्यांच्या संघटना आहेत, त्यांचे मोर्चे निघतात, पेन्शनसाठी २०२३ च्या मार्चमध्ये संप झाला, त्यात गैर काही नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. बुडालेला तास कोणाचा? शहरातल्या साहेबाच्या मुलाची शाळा बुडाली तर संध्याकाळी शिकवणी आहे, घरी शिकलेली आई आहे. आमच्या वस्तीतल्या पोरीला ती शाळा हीच शाळा, तीच शिकवणी आणि ताटात गरम अन्न पडण्याची तीच जागा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराची मुले घ्या. दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला आई-बाप कोयता घेऊन निघतात आणि मूलही गाडीवर बसते. ते मूल गावात ठेवावे म्हणून पालाच्या तोंडाशी उभे राहून आई-बापाची विनवणी करणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव तोच करतो, आजीची समजूत तोच घालतो. या कामाला कुठल्या ॲपमध्ये रकाना नाही. उलट आधार जुळले नाही म्हणून समोर बसलेले मूल संचमान्यतेत धरले जात नाही! मूल आहे, भूक आहे, पाटी आहे. पण कागदावर मूल नाही, म्हणून शिक्षकाचे पदही नाही.

आता दुसरी बाजूही बोलू, नाहीतर आमच्यावर वकिली केल्याचा आरोप होईल. सगळेच शिक्षक साने गुरुजी नाहीत. वर्गात मोबाइल घेऊन बसणारे आहेत, जमिनीच्या दलालीत रमणारे आहेत. आजही आमच्या पोरांना शेवटच्या रांगेत बसवणारे, झाडू हातात देताना बरोबर आमच्याच वस्तीतले नाव पुकारणारे महाभाग आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात पोषण आहार शिजवायला दलित, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना प्राधान्य द्या म्हटले. अशी ताई नेमल्यावर गावाने डबे घरून पाठवायला सुरुवात केली, तर 'वाद नको' म्हणून मान खाली घालणारा गुरुजी आणि सगळ्यांसमोर तिच्याच हातचा पहिला घास घेणारा गुरुजी, यांतला फरक पोरे आयुष्यभर विसरत नाहीत. तो धडा पुस्तकात नसतो.

'शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत' ही ओरडही खरी आहे. पण बौद्ध किंवा मातंग शिक्षक गावात खोली मागायला जातो तेव्हा काय होते, हे ओरडणाऱ्यांनी एकदा पाहावे. आधी आडनाव विचारतात. त्यावरून उलगडले नाही तर मूळ गाव विचारतात. तेवढ्यानेही नाही कळले तर 'देवघर लागेल ना तुम्हाला?' असा गोड प्रश्न येतो. मग खोली कालच दुसऱ्याला दिलेली असते! हा शिक्षक रोज तीस-चाळीस किलोमीटर गाडी हाणतो आणि अहवालात 'अनधिकृतपणे मुख्यालय सोडणारा' ठरतो.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष दिली, तेव्हा त्यांनी उच्च शिक्षणाच्या चर्चेपेक्षा गावच्या प्राथमिक शाळेची आणि तिथल्या शिक्षकाची गोष्ट लावून धरली. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला दरमहा किमान १२ रुपये मिळावेत, तो शेतकरी वर्गातला असावा आणि त्याला औताला हात लावायची लाज वाटू नये, असे त्यांचे म्हणणे. बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात दारूच्या उत्पन्नाचा आणि शिक्षणाच्या खर्चाचा माणशी हिशेब मांडून सरकारला धारेवर धरले. आमच्या दोन्ही महापुरुषांनी शिक्षणावर बोलताना आकडे मागितले. आणि आजचे राज्य? शिक्षणसेवक या गोंडस नावाखाली तीन वर्षे मानधनावर राबवते. दशकभराहून अधिक काळ ते मानधन महिना ६,००० रुपये होते, २०२३ मध्ये १६,००० झाले. २०२५ च्या जानेवारीत पोषण आहारातल्या अंड्याचा आणि साखरेचा राज्याचा निधी थांबवून 'लोकसहभाग' शोधायला सांगितले गेले. म्हणजे गावात पावती पुस्तक घेऊन फिरायचे कोणी? गुरुजींनीच!

याच काळात २० पेक्षा कमी पटाच्या शाळांचे काय करायचे, याचा खल चालू झाला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये 'समूह शाळा'ची कल्पना आली, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणे दिली गेली. कमी पटाच्या अशा १४ हजारांहून अधिक शाळा राज्यात असल्याचे शासनानेच सांगितले. या शाळा कुठे आहेत? डोंगरात, तांड्यावर, पाड्यावर, गावकुसाबाहेर. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अशा शाळांत निवृत्त वा कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय आला, शिक्षकांनी २५ सप्टेंबरला सामूहिक रजा टाकली. पुढे तो निर्णय मागे घ्यावा लागला. पण विचार मागे गेलेला नाही. पट का घटतो, हे कोणी विचारत नाही. चार वर्गांना एकच शिक्षक दिसला की ऐपत असलेला बाप मूल काढून इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवतो. पट घटला म्हणून पद कमी, पद कमी म्हणून पुन्हा पट कमी. शेवटी उरते ती मजुराची पोर. आणि मग तिच्या एकटीसाठी शाळा 'परवडत' नाही.

त्यात १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी उरलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा संपेल. मुलाला पात्र शिक्षक मिळणे हा त्याचा हक्कच आहे, तेव्हा आम्ही परीक्षेच्या विरोधात नाही. पण हीच पात्रता परीक्षा आपल्या राज्यात पैसे घेऊन उत्तीर्ण करण्याचा घोटाळा २०२१ च्या अखेरीस उघड झाला आणि हजारो उमेदवार त्यात सापडले, हे विसरायचे कसे? आणि वीस वर्षे चार वर्ग सांभाळणाऱ्या बाईंनी आता अभ्यास करायचा तो कोणत्या वेळात? रात्री ॲपचा सर्व्हर सुरू होतो त्या वेळात?

यावर न्यायालयात जायचे तर शिक्षक जातो, संघटना जाते, संस्थाचालक जातो. ज्याचे तास गेले त्या मुलाच्या वतीने कोणी जात नाही. ते काम पालकांचे आहे आणि त्याला आधी कोर्टाची पायरीही लागत नाही. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा असते. बऱ्याच गावांत ही समिती सरपंचाच्या खिशात असते आणि आमची बाई न वाचता अंगठा देऊन येते. यंदा तिने बैठकीत एवढेच विचारावे की गेल्या महिन्यात आमच्या शाळेतला शिक्षक शिकवण्याच्या वेळेत किती तास आणि कोणाच्या आदेशाने बाहेर होता. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारावे. गुरुजी आडवे येणार नाहीत, उलट आदेशाच्या प्रती तेच काढून देतील, कारण ते तास त्यांचेही गेलेले आहेत. तीन महिन्यांची नोंद झाली की कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. त्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. अर्जाला वकील लागत नाही. तरीही मसुदा हवा असेल तर वस्तीतल्या बांधवांनी इतिवृत्ताची प्रत घेऊन यावे, आम्ही विनाशुल्क लिहून देऊ. सोबत आदेशांच्या झेरॉक्स, मुलांच्या इयत्ता आणि किमान तीन आयांच्या सह्या आणाव्यात.