वापरातलं यंत्र

लातूरच्या एका शिक्षणसंस्थेत जुनं साहित्य निर्लेखनाला काढलं होतं. मोडक्या बाकांच्या मागे एक लोखंडी कपाट, कपाटात लाकडी पेटी आणि पेटीला कुलूप. किल्ली सापडायला अर्धा तास गेला. झाकण उघडलं तर आत एक मायक्रोस्कोप उभा. रंग जसाच्या तसा, अंगावर एक ओरखडा नाही. भांडार सांभाळणारे गृहस्थ अभिमानानं म्हणाले, "सर, एकदाबी वापरलेला नाही बघा. नवाच म्हणा की."

मी फोकसचं मोठं चाक फिरवायला गेलो, ते हललं नाही. जोर लावला तेव्हा कुरकुरत थोडं सरकलं आणि थांबलं. डोळ्याकडचा आयपीस काढून नळीतून खिडकीच्या उजेडाकडे पाहिलं. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरलेले होते. त्या गृहस्थांनी जो गुण म्हणून सांगितला, तोच त्या यंत्राचा रोग होता.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. वर्षानुवर्षं न हललेल्या दात्यांमधलं ग्रीस सुकत सुकत डिंकासारखं होतं. पुढे पावसाळा आला की बंद पेटीतला दमटपणा आणि अंधार बुरशीला सोयीचा पडतो. ही बुरशी भिंगावर वाढताना आम्लं सोडते, ती काचेवरचा थर आणि पुढे काचही खातात. बुरशी पुसता येते, पण काचेवर कोरलेला तिचा नकाशा पुसता येत नाही. हौसेसाठी जुना मायक्रोस्कोप शोधायला मी नांदेडहून निघालो, तेव्हा कमीत कमी वापरलेला मिळावा एवढीच माझी इच्छा होती. लातूरच्या त्या पेटीनं ती इच्छा उलटी केली. लोहा, अहमदपूर, चाकूर मागे टाकत आलो होतो. परतीच्या एसटीत ठरवलं की आता रोज वापरलेलाच शोधायचा.

तो मिळाला घराजवळच. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तपेशी मोजायला सेल काउंटर आला होता. आता दोन मायक्रोस्कोपची गरज उरली नव्हती, एक पुरत होता. दुसरा विकायचा होता. त्यावर आयुष्याची बरीच वर्षं काम केलेले टेक्निशियन काका स्वतः दाखवायला बसले. यंत्राचा रंग जागोजागी उडालेला. फाईन फोकसच्या चाकावर अंगठा टेकतो तेवढी जागा घासून गुळगुळीत झालेली. काका म्हणाले, "दिसायला जुनाटच हाय सर. पण रोज संध्याकाळी भिंग पुसल्याबिगर अन् कव्हर घातल्याबिगर मी घरी गेलो नाही."

मी घरून स्वतःची स्लाइड नेली होती: कांद्याचा पातळ पापुद्रा. ज्यांना जुना मायक्रोस्कोप घ्यायचा आहे त्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की विकणाऱ्याच्या स्लाइडवर निर्णय घेऊ नका. ओळखीची वस्तू नेली की यंत्र काय दाखवतं आणि काय लपवतं ते लगेच कळतं.

त्या दुपारी काकांनी मला यंत्र तपासायला शिकवलं. आयपीस काढून उलटा धरला की त्याचंच छोटं भिंग होतं. त्यातून प्रत्येक ऑब्जेक्टिव्हचं, म्हणजे वस्तूकडच्या भिंगाचं, टोक न्याहाळायचं. सर्वांत जास्त संशय ४० च्या ऑब्जेक्टिव्हवर घ्यायचा. १०० चं ऑब्जेक्टिव्ह तेलात बुडवून वापरायचं असतं आणि ४० चं कोरडं. घाईच्या कामात १०० वरून मागे फिरवताना ४० चं टोक त्याच तेलात घासलं जातं. तेल पुसलं नाही तर ते घट्ट होऊन बसतं आणि मग कितीही फोकस केला तरी चित्र धुक्यातलं दिसतं. ४० आणि १०० च्या टोकाला आत स्प्रिंग असते. बोटानं भिंगाची कड हलकेच दाबली की टोक आत जायला हवं आणि सोडलं की अडखळल्याशिवाय बाहेर यायला हवं.

मग फोकस. मोठ्या चाकानं स्लाइड ठेवायची स्टेज वर नेऊन हात सोडायचा. स्टेज स्वतःच्या वजनानं खाली घसरता कामा नये. १० वर चित्र स्पष्ट करून ४० वर फिरवायचं. फाईनच्या थोड्याशा वळशात तेच चित्र पुन्हा स्पष्ट व्हायला हवं. कंडेन्सरखालची झडप उघडून मिटून पाहायची, तिची एखादी पाकळी तुटलेली असू शकते. बायनॉक्युलर असेल तर दोन्ही डोळ्यांनी पाच मिनिटं शांत बसून पाहायचं. दोन वर्तुळं सहज एक झाली तर ठीक. डोळे ओढल्यासारखे वाटले, कपाळ दुखू लागलं, तर यंत्र बहुधा कधीतरी पडलेलं आहे आणि आतले प्रिझम जागेवरून सरकले आहेत. ही दुरुस्ती आपल्या गावात होणं कठीण. असं यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नये. बाकीच्या दुखण्यांना उपाय असतो. बल्ब बदलता येतो. ६ व्होल्ट २० वॅटचा हॅलोजन बऱ्याच जुन्या यंत्रांना चालतो. आयपीस आणि सुटे भाग हरियाणातल्या अंबाल्याहून मागवता येतात. प्रयोगशाळेच्या साहित्याची ती देशातली मोठी पेठ आहे.

नवख्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, "किती पट मोठं दिसतं?" माझाही तोच होता. काकांनी उत्तर न देता ऑब्जेक्टिव्हवर कोरलेले आकडे दाखवले. ४० च्या शेजारी ०.६५ लिहिलेलं होतं. हा दुसरा आकडा म्हणजे भिंगाची उजेड गोळा करण्याची आणि जवळजवळचे दोन ठिपके वेगळे दाखवण्याची ताकद. त्याच्या हजारपटीच्या पुढे वाढवलेलं मोठेपण पोकळ असतं. ०.६५ च्या भिंगाला साधारण ६५० पट ही हद्द. १० चा आयपीस लावला की ४०० पट होतं आणि चित्र नेटकं राहतं. २५ चा लावला तर तेच चित्र हजार पट होतं, पण त्यात नवं काहीच दिसत नाही, धूसरपणा तेवढा वाढतो. त्यामुळे दोन हजार पटीची जाहिरात करणाऱ्या खेळण्यांपेक्षा ४० चं एक स्वच्छ ऑब्जेक्टिव्ह लाखमोलाचं. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहुक यानं १६७४ साली तळ्याच्या पाण्यात हलणारे जीव पाहिले ते स्वतः घासलेल्या एकाच इवल्या भिंगातून. त्याच्या उरलेल्या भिंगांपैकी सर्वांत ताकदवान भिंग सुमारे २७० पट दाखवतं. सूक्ष्मजीवांचं जग माणसाला तेवढ्यात गवसलं.

आणखी एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जुन्या ऑब्जेक्टिव्हवर १६०/०.१७ असं लिहिलेलं असतं. १६० मिलिमीटर ही नळीची लांबी, तर ०.१७ मिलिमीटर ही कव्हर स्लिपची, म्हणजे स्लाइडवर झाकायच्या पातळ काचेची, जाडी. नव्या पद्धतीच्या भिंगांवर १६० च्या जागी आडव्या आठासारखं अनंताचं चिन्ह असतं. दोन्हींचे आटे बहुतेक वेळा सारखेच, त्यामुळे एकाचं भिंग दुसऱ्यात बसतं आणि विकणारा म्हणतो, "बघा, बसलं की." पण चित्र बिघडतं. सुटी भिंगं घेताना ही खूण आधी पाहावी.

कोणता घ्यावा हे मात्र तुम्हाला काय पाहायचं आहे त्यावर ठरतं. कापसाच्या बोंडातली गुलाबी अळी, सोयाबीनच्या पानावरचे किडे, फुलांचे भाग पाहायचे असतील तर एवढी ताकद लागतच नाही. तिथे १० ते ४० पटीचा स्टिरिओ मायक्रोस्कोप घ्यावा. त्यात वस्तू सरळ आणि खोलीसकट दिसते, हातही खाली मोकळा राहतो. खेड्यात विजेचा भरवसा नसेल तर आरशाचा, एका डोळ्याचा साधा मायक्रोस्कोप उत्तम. दिवसाच्या उजेडावर तो आयुष्यभर चालतो. पाण्यातले जीव, परागकण, बुरशी पाहायची ओढ असेल तर काकांच्या यंत्रासारखा लॅबमधला बायनॉक्युलर.

यंत्र विकत घेऊन घरी आलो त्या रात्री मला हिवतापाचा संशोधक रोनाल्ड रॉस आठवत होता. आपला मराठवाडा त्याच्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानातल्या सिकंदराबादच्या छावणीत रॉस डास कापून मायक्रोस्कोपखाली पाहत बसलेला असे. घामानं त्याच्या यंत्राचे स्क्रू गंजले होते आणि शिल्लक राहिलेल्या एकुलत्या आयपीसला तडा गेला होता. वाऱ्यानं डासांचे कापलेले भाग उडू नयेत म्हणून त्या उकाड्यात तो पंखाही हलवू देत नसे. अशा यंत्रातून २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठराच्या भिंतीत त्याला हिवतापाच्या परजीवीच्या पेशी दिसल्या. १९०२ साली त्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ज्या हवेत त्याचे स्क्रू गंजले ती हवा आपल्या ओळखीची आहे. त्याचं यंत्र गंजलं ते वापरून. लातूरच्या पेटीतलं खराब झालं ते न वापरता. दोन्ही बिघडलीच, पण एकानं त्याआधी आपलं काम केलं.

आमच्याच भागातलं आणखी एक नाव इथे घेतलं पाहिजे. तेव्हाच्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एस. टी. टिळक यांनी हवेतले परागकण आणि बुरशीचे बीजाणू पकडणारं एक यंत्र तयार केलं. ते टिळक एअर सॅम्पलर म्हणून ओळखलं जातं. फिरत्या ड्रमवरच्या चिकट पट्टीवर हवेतले कण येऊन बसतात आणि मग मायक्रोस्कोपखाली एकेक ओळखून मोजायचे. पिकावर रोग दिसण्याआधी तो हवेत दिसू शकतो, हा त्यामागचा विचार. मी त्याचं घरगुती रूप करून पाहिलं. स्लाइडवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवून ती रात्रभर गच्चीवर ठेवली. सकाळी १० च्या ऑब्जेक्टिव्हखाली धुळीचे खडे दिसले, फुलपाखराच्या पंखाचा एक खवला दिसला आणि गाजरगवताचे काटेरी परागकणही. शिंका येतात तेव्हा नाकात काय जातं ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

मग सवयच लागली. गोदावरीच्या गोवर्धन घाटाच्या पायरीवरचं शेवाळ खरवडून आणलं, तर त्यात काचेच्या होड्यांसारखे डायटम. त्यांची कवचं सिलिकाची असतात आणि त्यावरच्या बारीक रेघा दिसतात की नाही यावरून जगभरचे हौशी लोक भिंगाची परीक्षा करत आले आहेत. माझ्या भिंगाची परीक्षा गोदावरीनं घेतली. गावाकडून आलेल्या ज्वारीच्या कणसावरची काणी सुईच्या टोकावर घेऊन पाहिली. शेतकऱ्याच्या हाताला लागणारी ती काळी भुकटी म्हणजे एकसारख्या गोल, तपकिरी बीजाणूंचा ढीग निघाला.

माझी भाची वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या तयारीसाठी आमच्याकडे राहते. लातूर आणि नांदेडला अशी हजारो मुलं येतात. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, प्रात्यक्षिकाचा एकही नाही. भाचीला पॅरामेशियमचे सगळे भाग तोंडपाठ आहेत. मी कडब्याचे तुकडे पाण्यात भिजत घातले, त्यात घाटावरचं थोडं पाणी ओतलं आणि आठवड्यानं त्यातला एक थेंब तिच्यापुढे ठेवला. बराच वेळ ती स्लाइड इकडून तिकडे सरकवत राहिली. मग म्हणाली, "मामा, हे इतकं पळतं?" पुस्तकातलं पॅरामेशियम थांबलेलं असतं. ते बाणांनी आणि नावांनी जागच्या जागी खिळलेलं असतं. तिला सगळं माहीत होतं, पण ते पळतं हे कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या शाळेतही मायक्रोस्कोप होता. तो कपाटात असायचा.

मला दोष कुणाला द्यायचा नाही. साहित्य फुटलं तर भरून द्यावं लागतं, म्हणून शिक्षक कुलूप घालतात. पण कुलपातही ते वाचत नाही, हे मी डोळ्यांनी पाहून आलो आहे. मुलांच्या हातून वर्षाला दोन कव्हर स्लिपा फुटतील, एखाद्या भिंगावर ओरखडा येईल. कपाटात मात्र सगळीच भिंगं जातात. पुसायला लेन्स पेपर, पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि आठवड्यातून एकदा तरी कुणाचा तरी डोळा, एवढं त्याला पुरतं.

महिन्याभरानं काकांचा फोन आला. यंत्र नीट चाललंय का, बल्ब टिकला का, असं काही त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "सर, रोज बाहेर काढता ना?" मी हो म्हणालो. त्या वेळी माझा अंगठा फाईनच्या चाकावर, त्यांनी झिजवलेल्या जागीच टेकलेला होता.