फॅन किती, यापेक्षा हवा कुठून?

पारगाव म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, कुठलं? जुन्नर तालुक्यातलं पारगाव तर्फे आळे, की आंबेगाव तालुक्यातलं साखर कारखान्याचं पारगाव? कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र दोन्ही पारगावं सारखीच. दोन्हीकडे ऊस आहे, तोड सुरू झाली की ट्रॉल्यांमागे उठणारी धूळ आहे, कुणी पाचट पेटवलं की खिडकीतून आत येणारी काळी काजळी आहे आणि मे महिन्यात तापणारा पत्रा आहे. यूट्यूबवर ओव्हरक्लॉकिंग शिकवणाऱ्या माणसाच्या खोलीत यातलं काहीच नसतं. तिथे एसी असतो. म्हणून तो सांगतो ते फॅन आणि तुम्हाला लागणारे फॅन यांत फरक पडणारच.

माझं मत आधीच सांगून टाकते. जुना डेस्कटॉप ओव्हरक्लॉक करायचाय म्हणून रंगीत दिव्यांच्या फॅनचा अख्खा सेट घेणं, हा बहुतेकांच्या बाबतीत वाया गेलेला पैसा आहे. नीट निवडलेले एक-दोन फॅन पुरतात. आणि काहींना तर फॅनचीही गरज नाही, ब्रशची आहे.

मुळात तुमचं मशीन ओव्हरक्लॉक होतं का, हे बघितलंय? मंचर, नारायणगाव, ओतूर, अवसरीच्या कॉलेजांतल्या पोरापोरींकडे सेकंडहँड डेस्कटॉप येतो, तो बरेचदा पुण्यातल्या एखाद्या ऑफिसातून निघालेला असतो. आत आय५-२४०० किंवा आय५-३४७० असा प्रोसेसर आणि ऑफिससाठी बनवलेलं मदरबोर्ड. त्या पिढीत इंटेलने वेग वाढवायची खरी मोकळीक दिली ती नावाच्या शेवटी ‘के’ असलेल्या प्रोसेसरना. २०११ मध्ये आलेला आय५-२५००के त्यातला सगळ्यांत गाजलेला. पण ‘के’ असून भागत नाही, बोर्डही पी६७, झेड६८, झेड७७ असल्या चिपसेटचं लागतं. एच६१ किंवा क्यू मालिकेच्या बोर्डवर तुम्ही सहा फॅन लावले तरी मल्टिप्लायर हलणार नाही. बेस क्लॉक ओढून बघाल, तर दोन-चार टक्क्यांतच मशीन अडखळायला लागतं. एएमडीचे एफएक्स प्रोसेसर मात्र सगळे खुले होते. एफएक्स-८३५० तसाच, फक्त तो मुळातच १२५ वॉटचा.

तेव्हा आधी मॉडेल नंबर बघा. लॉक असलेलं मशीन असेल तर ओव्हरक्लॉकचा विषय तिथेच संपला. फॅनचा विषय मात्र संपत नाही, कारण प्रोसेसर तापून शंभर अंशांच्या जवळ गेला की तो स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तुमचा डेस्कटॉप दुपारी व्हिडिओ रेंडर करताना रडत असेल आणि रात्री बरा चालत असेल, तर तुम्हाला वेग वाढवायचा नाहीये, गेलेला परत आणायचाय. तेही काही कमी नाही.

आता ज्यांचं मशीन खुलं आहे त्यांच्यासाठी थोडं गणित. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा वेग २० टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेज १० टक्के. १.२ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे जवळजवळ १.४५. ढोबळमानाने ९५ वॉटचा प्रोसेसर १३८ वॉटवर गेला. वेग २० टक्के, उष्णता ४५ टक्के. हा सौदा खुद्द इंटेललाही परवडला नाही. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ त्यांनी २००४ मध्ये गुंडाळला आणि जास्त कोअरच्या रस्त्याला लागले. आपल्या पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, तोही एकच चिप जोरात पळवून नाही, तर बऱ्याच ट्रान्सप्युटर चिप एकमेकींना जोडून.

दुसरी गोष्ट खोलीची. फॅन हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. खोलीत ४० अंश असतील तर आत जाणारी हवा ४० अंशांचीच. तुमचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा ४५ अंश वर धरून ठेवत असेल, तर डिसेंबरातल्या १२ अंशांच्या पहाटे तो ५७ दाखवेल आणि मे महिन्यात ८५. म्हणून थंडीत जमवलेलं ओव्हरक्लॉक उन्हाळ्यात कोलमडतं. वॉटर कूलिंग घेऊ का, असंही विचारलं जातं. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर थेट चिपपर्यंत पाणी नेऊन थंड ठेवतात हे खरं आहे. पण घरच्या किटमधलं पाणी शेवटी रेडिएटरमधून, फॅननेच, तुमच्या त्याच खोलीतल्या हवेत उष्णता सोडतं. बारा-चौदा वर्षं जुन्या मशीनसाठी तो खर्च मला तरी पटत नाही.

पैसे काढण्याआधी एक फुकटची चाचणी करा. कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो टाका, प्राइम९५ किंवा ओसीसीटीने पंधरा मिनिटं लोड द्या आणि तापमान लिहून ठेवा. मग कॅबिनेटचं बाजूचं दार काढा, घरातला टेबल फॅन समोर लावा आणि पुन्हा तेच. तापमान दहा-बारा अंशांनी खाली आलं, तर दोष कॅबिनेटमधल्या हवेचा आहे. ती कोंडतेय, आणि कॅबिनेट फॅन घेतलेत तर पैसे वसूल होतील. जेमतेम दोन-तीन अंशच फरक पडला, तर दोष कूलरचा किंवा वाळून खडू झालेल्या थर्मल पेस्टचा. अशा वेळी कॅबिनेटला कितीही फॅन लावा, उपयोग शून्य. नवी पेस्ट लावा आणि कूलरच्या पात्यांमध्ये बसलेलं धुळीचं नमदं काढा. ओव्हरक्लॉक करणारच असाल तर कंपनीचा गोल कूलर बाजूला ठेवून १२० मिलिमीटर फॅनचा टॉवर कूलर घ्या. सॉकेट बघून घ्या एवढंच. इंटेलच्या ११५५, ११५०, ११५१ या सॉकेटांची भोकं एकाच मापाची आहेत, त्यामुळे बरेच नवे कूलरही बसतात.

दार काढून टेबल फॅन लावणं ही चाचणी आहे, कायमची सोय नाही. दार उघडं राहिलं की धूळ थेट बोर्डावर बसते. शिवाय पत्र्याचं कॅबिनेट मशीनचा रेडिओ गोंगाटही बराचसा अडवतं. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या, एकूण तीस अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आकाशातले अतिशय क्षीण रेडिओ सिग्नल ऐकतेय. शेजारधर्म म्हणूनही दार लावा.

चाचणीत हवेचा दोष निघाला, तर फॅन किती? कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा किती तापेल याचा एक सोपा हिशेब आहे: एकूण वॉटला १.७६ ने गुणा आणि हवेच्या सीएफएमने भागा. सीएफएम म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा. २०० वॉटची उष्णता आणि खरोखर मिळणारी ५० सीएफएम हवा असेल तर फरक ७ अंशांचा. हवा दुप्पट करून १०० सीएफएम केली तर साडेतीन. पुन्हा दुप्पट, २०० सीएफएम, तर पावणेदोन. म्हणजे पहिल्या दुपटीने साडेतीन अंश वाचले, दुसऱ्या दुपटीने फक्त पावणेदोन, आणि त्यासाठी फॅन मात्र दुपटीने लागले. चौथा फॅन दिव्यांसाठी लावायचा असेल तर खुशाल लावा, पण त्याला कूलिंग म्हणू नका.

आता निवड. फॅनच्या खोक्यावर दोन आकडे असतात, सीएफएम आणि स्टॅटिक प्रेशर. दुकानात सगळे पहिलाच वाचतात. ज्यांच्या घरी विहिरीवर मोटर आहे त्यांना हे समजवायची गरज नाही: मोटरचा डिस्चार्ज वेगळा आणि हेड वेगळा. डिस्चार्ज कितीही दांडगा असला तरी हेड नसेल तर पाणी वरच्या टाकीत चढत नाही. आणि पाटीवर लिहिलेला पूर्ण डिस्चार्ज नि पूर्ण हेड एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. फॅनचंही डिट्टो तसंच. खोक्यावरचा सीएफएम हा समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो, आणि स्टॅटिक प्रेशरचा आकडा वाट पूर्ण बंद असतानाचा. तुमचा फॅन या दोन्हींच्या मधे कुठेतरी चालतो.

म्हणून जागा बघा. मागच्या जाळीतून गरम हवा बाहेर टाकायची आहे, पुढे काही आडवं नाही, तिथे जास्त सीएफएमचा फॅन चालेल. टॉवर कूलरच्या दाट पात्यांमधून किंवा समोरच्या धुळीच्या जाळीतून हवा ओढायची आहे, तिथे प्रेशर लागतं. आपल्याकडे जाळी लावावीच लागणार, म्हणजे समोरचा फॅन प्रेशरचाच घ्यावा लागणार. उदाहरण द्यायचं तर आर्क्टिकचा पी१२ घ्या: १८०० आरपीएम, ५६.३ सीएफएम, २.२ मिलिमीटर प्रेशर. त्याच कंपनीची ‘एफ’ मालिका मोकळ्या हवेसाठी आहे. नावातलं एक अक्षर बदललं की काम बदलतं. आणि ज्या खोक्यावर प्रेशरचा आकडाच छापलेला नाही, फक्त दिव्यांचे रंग मोजलेत, तो परत कपाटात ठेवायला सांगा. तपकीर गल्लीत भाव करताना हा एक प्रश्न विचारला तरी समोरचा जरा वेगळ्या नजरेने बघतो.

साइज शक्यतो १२० मिलिमीटर. ८० चा फॅन तेवढीच हवा द्यायला फार जोरात फिरतो आणि फॅनचा वेग दुप्पट झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. रात्री घरचे झोपलेले असताना तुम्हाला याची किंमत कळेल. बेअरिंग स्लीव्हचं असेल तर स्वस्त पडतं, पण उष्णतेत त्याचं तेल लवकर वाळतं, आणि फॅन आडवा, म्हणजे छताला, बसवला तर ते आणखी लवकर जातं. फ्लुइड डायनॅमिक किंवा बॉल बेअरिंग घ्या. पिनांचंही बघा: चार पिनांच्या फॅनचा वेग पीडब्ल्यूएमने कमी-जास्त होतो, पण जुन्या बोर्डवर कॅबिनेट फॅनची जागा बरेचदा तीन पिनांचीच असते. तिथे चार पिनांचा बसतो, फक्त वेग हवा तसा आवरता येईलच असं नाही. काही ब्रँडेड ऑफिस मशीनमध्ये तर फॅनचा कनेक्टर कंपनीचा स्वतःचाच असतो. तो आधी उघडून बघा, फोटो काढून दुकानात न्या.

बसवताना हवा समोरून खालून आत आणि मागून वरून बाहेर. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा. म्हणजे कॅबिनेटच्या फटीफटीतून हवा बाहेर ढकलली जाते आणि धूळ आत ओढली जात नाही. ती फक्त जाळीवर अडकते. उलट केलंत, सगळे फॅन हवा बाहेर फेकणारे लावलेत, तर कॅबिनेटचा व्हॅक्यूम क्लीनर होतो. ऊसतोडीच्या दिवसांत जाळी दर आठवड्याला झटकावी लागते, आणि हे काम कुठल्याही महागड्या फॅनने टळत नाही.

एसएमपीएसबद्दल दोन शब्द. शेतीचे पंप सुरू झाले की घरातला छताचा पंखा मंदावतो. कॅबिनेटमधला फॅन तसा मंदावत नाही, कारण एसएमपीएस त्याला १२ व्होल्ट धरून देतो. पण त्याच एसएमपीएसवर तुम्ही ओव्हरक्लॉकचे जास्तीचे वॉट टाकणार आहात. तो मशीनच्याच वयाचा असेल, बिननावाचा असेल, तर फॅनच्या आधी तो बदला. फॅन बंद पडला तर मशीन तापून बंद होतं. एसएमपीएस गेला तर कधीकधी बोर्डही सोबत घेऊन जातो. आणि तुमचं मशीन अजून हार्ड डिस्कवर चालत असेल तर हे सगळं सोडा, एसएसडी घ्या. रोजच्या वापरात जाणवणारा फरक कुठल्याही ओव्हरक्लॉकपेक्षा मोठा असेल.

एवढं सगळं बघून ओव्हरक्लॉक केलंतच, तर शेवटची चाचणी मे महिन्यात दुपारी तीन वाजता घ्या, पत्र्याखाली, खिडकी नेहमी असते तशी ठेवून. तासभर लोडवर ८५ च्या आत राहिलं तर सेटिंग ठेवा, नाहीतर एक पायरी खाली या. आणि त्याआधी साफसफाई करताना ब्लोअर मारणार असाल तर फॅनच्या पात्यांमध्ये पेन्सिल अडकवा. झोताने फॅन त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि नव्याकोऱ्या फॅनचंही बेअरिंग जाऊ शकतं.