निळ्या डबीतला मजकूर

आमच्या डोंगरकड्यात केळीचे घड, हळदीची पोती आणि उसाच्या ट्रॉल्या यांचा हिशेब ठेवणारी माणसं पुष्कळ आहेत. गावाने काय काय छापलं, याचा हिशेब मात्र कुणी ठेवला नाही. सप्ताहाची पत्रकं, लग्नपत्रिका, शाळेची स्मरणिका, निवडणुकीचे जाहीरनामे, एका गुरुजींचा कवितासंग्रह आणि मधूनच निघणाऱ्या एका साप्ताहिकाची पानं. हे सगळं एकेकाळी माझ्या एका मित्राच्या डीटीपीच्या दुकानात जुळायचं. दुकान बंद होऊन जमाना लोटला. यंदा त्याने पोटमाळा रिकामा केला, तेव्हा एक खोका खाली आला. त्यात फ्लॉप्या होत्या आणि फ्लॉपीपेक्षा जाडजूड अशा काही झिप डिस्क.

"भंगारवाला किलोवर घ्यायलाय, देऊन टाकू का?" त्याने विचारलं. मी खोका उचलून घरी आणला.

ज्यांनी झिप डिस्क पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रॅममध्ये साप्ताहिकाचं पान लावलं आणि त्यात पुढाऱ्याचा स्कॅन केलेला फोटो बसवला, की फाइल फ्लॉपीत मावेनाशी व्हायची. मग तिचे तुकडे करून अनेक फ्लॉप्यांवर चढवायचे, अर्धापूरमार्गे नांदेडला न्यायचे आणि छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर परत जोडायचे. त्यातली एक फ्लॉपी जरी दगावली तरी बाकीच्या फुकट. १९९५ च्या सुमारास आयोमेगा या अमेरिकी कंपनीचा झिप ड्राइव्ह बाजारात आला आणि एका डिस्कमध्ये १०० एमबी, म्हणजे सत्तरेक फ्लॉप्यांचा ऐवज मावू लागला. पुढे १९९८ मध्ये २५० आणि २००२ मध्ये ७५० एमबीची डिस्क निघाली. तोवर सीडी रायटर स्वस्त झाला होता आणि पेनड्राइव्हही आला होता, त्यामुळे झिपचं राज्य फार टिकलं नाही. पण डीटीपीवाल्यांनी झिप ड्राइव्हच्या त्या निळ्या डबीवर जीव लावला होता, हे मी पाहिलं आहे.

फ्लॉपी ही काही फक्त छापखान्याची चीज नव्हती. २००३ नंतर टीडीएसची विवरणपत्रं संगणकीय स्वरूपात द्यायची पद्धत आली, तेव्हा हिशेबनीस मंडळी २७-ए नमुना आणि त्यासोबत फ्लॉपी किंवा सीडी घेऊन रांगेत उभी राहायची. ज्या संस्थांच्या कपाटांत या फ्लॉप्या अजून पडून असतील, त्यांनी पुढचं जरा लक्ष देऊन वाचावं.

खोक्यात डिस्क होत्या, ड्राइव्ह नव्हता. तो नांदेडच्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात मिळाला आणि तिथे पहिला धडा मिळाला. झिप ड्राइव्ह बाहेरून जोडायचे मुख्यतः दोन प्रकारचे: एक यूएसबीचा, दुसरा पॅरलल पोर्टचा. यूएसबीचा असेल तर आजच्या लॅपटॉपलाही तो बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखता येतो. पॅरलल पोर्टचा, म्हणजे पंचवीस पिनांच्या रुंद तोंडाचा असेल, तर तसं तोंड असलेला जुना कॉम्प्युटर हवा. दुकानदार अशा वेळी यूएसबी-टू-पॅरलल केबल पुढे करतो. ती घेऊ नका. ती प्रिंटरसाठी बनलेली असते, झिप ड्राइव्ह तिच्यावर चालत नाही. जुना पेंटियम मिळाला तर त्यावर विंडोज ९८ किंवा लिनक्स टाकावं. लिनक्समध्ये पॅरलल झिपसाठीचे ड्रायव्हर पूर्वीपासून आहेत. अॅडॉप्टर हरवला असेल, तर ड्राइव्हवर छापलेला व्होल्टेज आणि पिनेची दिशा जुळवूनच दुसरा लावावा. अंदाजाने लावला तर धूर निघेल. आणि १०० एमबीच्या ड्राइव्हमध्ये २५० ची डिस्क चालत नाही. उलट २५० आणि ७५० चे ड्राइव्ह १०० ची डिस्क वाचतात, म्हणून पर्याय असेल तर मोठाच घ्यावा.

या ड्राइव्हचं एक दुखणं जगप्रसिद्ध आहे. डिस्क आत गेली की टक, टक, टक असा आवाज येत राहतो आणि काहीच वाचलं जात नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये यावरून कंपनीवर सामूहिक खटला भरला गेला. हा रोग लाळ्या-खुरकतासारखा पसरतो. डिस्कची कड फाटलेली असेल तर ती ड्राइव्हचं हेड बिघडवते, आणि बिघडलेलं हेड पुढच्या चांगल्या डिस्कची कड फाडतं. म्हणून विकत घेतलेल्या जुन्या ड्राइव्हमध्ये कामाची डिस्क आधी घालायची नाही. गेली तरी चालेल अशी डिस्क घालायची आणि कान देऊन ऐकायचं. आमचा ड्राइव्ह गप्प राहिला, फक्त घुमला.

दुसरं पथ्य असं, की डिस्क वाचली जाते आहे म्हणून लगेच फाइली उघडत बसू नये. पत्र्याखाली पंचवीस उन्हाळे काढलेल्या डिस्कला किती वेळा फिरवता येईल याचा भरवसा नाही. आधी सबंध डिस्कची हुबेहूब प्रत, तंत्रवाले जिला इमेज म्हणतात ती, काढून ठेवावी आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करावं. फ्लॉपीलाही हेच लागू. साडेतीन इंची फ्लॉपीचे यूएसबी ड्राइव्ह अजून ऑनलाइन मिळतात. सव्वापाच इंची फ्लॉपीला मात्र मूळचा ड्राइव्ह आणि ग्रीसवीझलसारखं एखादं सर्किट लागतं.

एवढं सगळं जमल्यावर मित्राला बोलावलं. पडद्यावर फाइलींची यादी उमटली, त्याने एक उघडली आणि समोर डॉलरची चिन्हं, स्वल्पविराम, कंस आणि रोमन अक्षरांचा नुसता कचरा आला. तो हसला. त्याला कारण ठाऊक होतं.

खरी अडचण इथे आहे, आणि ती इंग्रजीत काम करणाऱ्याला इतकी कधी जाणवत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण गावोगावच्या कॉम्प्युटरवर ती पोहोचली विंडोज २००० आणि एक्सपीनंतर. त्याआधी प्रत्येक कंपनीने काना, वेलांटी, अर्धी अक्षरं आपापल्या क्रमाने इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवली होती. श्रीलिपी या सॉफ्टवेअरमधला मजकूर आकृती या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की कचरा, आकृतीतला शिवाजी फॉन्टमध्ये उघडला तरी कचरा. त्यातून अनेक मराठी सॉफ्टवेअरना पॅरलल पोर्टमध्ये खोचायचं हार्डवेअर लॉक असायचं. लॉक, प्रिंटर आणि झिप ड्राइव्ह हे तिघे एकाच तोंडासाठी भांडायचे, ही त्या काळातल्या प्रत्येक डीटीपीवाल्याची आठवण आहे.

फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर आता आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं बरोबर उलटं. म्हणून कच्च्या रूपांतरातून 'धर्म'चा 'धमर्' होतो. हे डोळ्यांनी तपासण्यावाचून गत्यंतर नाही. आणि कोणता फॉन्ट वापरला होता हेच आठवत नसेल, तर त्या काळात छापलेला एखादा कागद शोधावा. आम्हाला सप्ताहाच्या एका जुन्या पत्रकावरून 'श' आणि 'ल' यांची वळणं जुळवून फॉन्ट सापडला. मग गुरुजींचा संग्रह वाचता आला. छापील प्रत त्यांच्या स्वतःच्या घरीही उरलेली नव्हती.

जुन्या मजकुराचं मोल कधी कळेल सांगता येत नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली, तेव्हा तालुक्या-तालुक्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. कागद पिवळा पडला होता, पण जाणकार मिळाला की तो बोलत होता. आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. जिल्ह्याच्या पहिल्या पाच-सात वर्षांतलं छापील जग, साप्ताहिकं, स्मरणिका, संस्थांचे अहवाल, यांचा मोठा भाग नेमका याच डिस्कवरच्या काळातला आहे. तो वाचायला जाणकार पुरणार नाही. ड्राइव्ह हवा, केबल हवी, अॅडॉप्टर हवा आणि फॉन्टही हवा. यातलं एक जरी नसलं तरी बाकीच्यांचा उपयोग नाही. पाच वर्षांनी आजच्याइतके चालू ड्राइव्ह बाजारात नसतील. सोनीने साडेतीन इंची फ्लॉपीची विक्री २०११ मध्येच थांबवली, आणि फ्लॉपीला दीर्घकाळ चिकटून राहिलेल्या जपान सरकारनेही २०२४ मध्ये तिची सक्ती आपल्या नियमांतून काढून टाकली.

सरकारमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आपल्याकडे गावोगाव आहेत. तालुक्यातल्या निदान एका ग्रंथालयाने एक जुना कॉम्प्युटर, एक झिप ड्राइव्ह, एक फ्लॉपी ड्राइव्ह आणि जुने मराठी फॉन्ट असा संच चालू स्थितीत ठेवावा. त्याला एक टेबल आणि आठवड्यातून एक दुपार पुरेल. जे वाचून निघेल त्याची युनिकोड प्रत करावी, पीडीएफ करावी आणि जमेल तिथे कागदावरही छापून ठेवावं.

तोवर वाचकांना एवढीच विनंती: तुमच्याकडे झिप ड्राइव्ह असेल तर केबल आणि अॅडॉप्टर त्यालाच बांधून ठेवा, डिस्कवर फॉन्टचं नाव आठवत असेल तर आजच लिहून टाका, आणि तो खोका भंगारवाल्याला देण्याआधी तुमच्या गावातल्या जुन्या डीटीपीवाल्याला एकदा दाखवा.